डब्ल्यू अँड ओडी ट्रेल: ४५ मैल सायकल आणि सोबत एक निवृत्त पी.डब्ल्यू.आय.

सायडिंग_नं_३ | शनिवार, रात्री ९:४०

मंडळी,

आम्ही अ‍ॅशबर्नला (उत्तर व्हर्जिनिया) राहायला येऊन सहा वर्षं झाली. घरापासून चालत सात मिनिटांवर डब्ल्यू अँड ओडी (वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन) ट्रेल आहे, म्हणजे चालायची-सायकलची वाट. आजवर त्याचा उपयोग एवढाच, की रविवारी लेकीला घेऊन सायकलवर बार्बेक्यूच्या दुकानापर्यंत जायचं आणि जेवढ्या कॅलरी जाळल्या त्याच्या तिप्पट खाऊन परत यायचं.

गेल्या महिन्यात आईबाबा आले. बाबा मध्य रेल्वेच्या भुसावळ डिव्हिजनमधून पी.डब्ल्यू.आय. म्हणून निवृत्त झाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पी.डब्ल्यू.आय. म्हणजे रूळ, स्लीपर, खडी आणि मोऱ्या सांभाळणारा माणूस. रोज सकाळी ट्रॉलीवर बसून आपला सेक्शन बघून यायचं. त्यातली चार वर्षं त्यांनी मूर्तिजापूरला 'शकुंतला' गाडीच्या छोट्या लायनीवर काढली.

पहिल्याच संध्याकाळी त्यांना ट्रेलवर फिरायला नेलं. हे पूर्वी काय होतं ते सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटतच नव्हतं. शंभरेक पावलं चालले आणि थांबले. मागे बघितलं, पुढे बघितलं. म्हणाले, "ही लाइन कधी उचलली?"

म्हटलं, तुम्हाला कसं कळलं?

"अरे, रस्ता असा जातो का? रस्ता टेकाड आलं की चढतो, नाहीतर वळसा घालतो. हे बघ, इथे टेकाड कापलंय आणि त्याचीच माती पुढे खळग्यात टाकलीय. कटिंग आणि भराव. आणि ते वळण बघ. एवढं लांबलचक वळण सायकलवाल्यांसाठी कोण काढेल?"

मी सहा वर्षं तिथून जातोय. मला फक्त विजेचे मनोरे दिसायचे.

तर आता ठरवलंय: पश्चिमेच्या टोकाला पर्सलव्हिलपासून आर्लिंग्टनमधल्या शर्लिंग्टनपर्यंत अख्खा ट्रेल, ४५ मैल म्हणजे ७२ किलोमीटर, एका दिवसात सायकलने करायचा. सायकल साधी हायब्रिड, वय ४४, गुडघे ४९. बाबा सायकल चालवणार नाहीत, पण लीसबर्गच्या पुढे क्लार्क्स गॅपला जुनी दगडी कमान आहे, ती त्यांना बघायची आहे. कुणी केलंय का हे? कुठल्या बाजूने सुरुवात करावी? पाणी, खाणं, परतीचं काय?

---

चिंगी_फॉल्सचर्च | शनिवार, रात्री १०:१५

तीनदा केलंय. पश्चिमेकडून पूर्वेकडेच ये. क्लार्क्स गॅप ही लायनीवरची सगळ्यात उंच जागा. पर्सलव्हिलहून निघालास की ती सुरुवातीलाच येते, पाय ताजे असताना. तिथून लीसबर्गपर्यंत मस्त उतार आणि पुढे एकंदरीत उतारच, मधले चढ सोडले तर.

लीसबर्ग ते हर्नडन हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा. मनोऱ्यांसाठी पट्टी मोकळी ठेवलेली, सावली नाही, आणि तुमच्या अ‍ॅशबर्न-स्टर्लिंगची डेटा सेंटरं. दमट सकाळी वरून तारा गुणगुणतात आणि बाजूने पंखे. तो टप्पा दहाच्या आत उरक. तिथे एकच सुख म्हणजे गूस क्रीकवरचा पूल. दोन मिनिटं थांब.

हर्नडनपासून पुढे गावंच गावं, त्यामुळे खाण्यापिण्याची चिंता नाही, पण रस्ते ओलांडायचे फार. फॉल्स चर्चमध्ये चाकांना वेगळी वाट आणि पायांना वेगळी, ते पाळ.

परतीसाठी: शर्लिंग्टनला मेट्रो नाही. शून्य मैलाच्या खांबापाशी फोटो काढ आणि पाचेक मैल उलटा ये, ईस्ट फॉल्स चर्चला सिल्व्हर लाइन पकड. सायकल मेट्रोत चालते. २०२२ पासून ती लाइन थेट अ‍ॅशबर्नला जाते. म्हणजे एक रेल्वे मेली त्यावरून जायचं आणि दुसरीने घरी यायचं.

---

टवाळ_कार्टा | शनिवार, रात्री १०:३१

४५ मैल लांब आणि १०० फूट रुंद बाग! पुण्यात बिल्डरने याला 'लक्झुरियस पॅसेज' म्हटलं असतं आणि मेन्टेनन्स वेगळा लावला असता.

---

सायडिंग_नं_३ | रविवार, सकाळी ८:०५

चिंगी, खूप आभार. मेट्रोचं डोक्यातच आलं नव्हतं.

आज सकाळचा किस्सा. आई पण आली फिरायला. मागून एक सायकलवाला आला, त्याने रीतीप्रमाणे ओरडून सांगितलं, "ऑन युअर लेफ्ट!" आईने फक्त 'लेफ्ट' ऐकलं आणि आज्ञाधारकपणे डावीकडे उडी मारली. त्याच्या बरोब्बर समोर. त्याने करकचून ब्रेक मारला, गवतात उतरला, पडला नाही. वर आईलाच 'सॉरी मॅम' म्हणून गेला. आई घरी येईपर्यंत म्हणत होती, "डावीकडे हो म्हणाला, झाले, तरी रागावला का?"

यावर उपाय?

---

आजीचा_डबा | रविवार, सकाळी ९:२०

हाहा, आमच्या सासूबाईंनी पण हेच केलं होतं, फक्त आमचा सायकलवाला पडला.

उपाय: इंग्रजी शिकवू नका. एकच सांगा, काहीही ऐकू आलं तरी उजव्या कडेला धरून सरळ चालत राहायचं, दचकायचं नाही, मागे वळायचं नाही. आपल्याला लहानपणापासून 'डावीकडून चाला' शिकवलेलं, ते इथे उलटं. आणि तुम्ही स्वतः सायकलला घंटी लावा. घंटी सगळ्या भाषांत कळते.

---

इतिहासाचा_उंदीर | रविवार, दुपारी १:५०

धाग्यात रेल्वे आली आणि मी गप्प बसलो असं होणार नाही.

या लायनीची गंमत अशी की ती जिथे जायला निघाली तिथे कधीच पोचली नाही. अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यांना भीती होती की पश्चिमेकडचा सगळा माल बाल्टिमोर पळवणार. म्हणून त्यांनी थेट हॅम्पशायर काउंटीच्या (आता वेस्ट व्हर्जिनियात) कोळशापर्यंत लाइन न्यायची ठरवली. नावही तसंच दणदणीत: अलेक्झांड्रिया, लाउडन अँड हॅम्पशायर. १८६० मध्ये गाडी लीसबर्गला पोचली आणि पुढच्या वर्षी यादवी युद्ध सुरू झालं. पर्सलव्हिलला जायला १८७४ उजाडलं. ब्लू रिजचा डोंगर काही ओलांडला नाही. १९०० मध्ये डोंगराच्या पायथ्याशी स्निकर्सव्हिल नावाच्या खेड्यात लाइन संपली, आणि हवा खायला येणाऱ्या वॉशिंग्टनकरांना नाव बरं वाटावं म्हणून खेड्याचं ब्लूमाँट करून टाकलं. कोळसा राहिला, हवा मिळाली.

युद्धातला एक प्रसंग सांगतोच. १७ जून १८६१. ओहायोच्या पलटणीचे जवान घेऊन जनरल रॉबर्ट शेंक अलेक्झांड्रियाहून व्हिएन्नाकडे निघाला. गाडी अशी की इंजिन मागे, डबे पुढे, ढकलत नेतंय. व्हिएन्नाच्या वळणावर दक्षिणेकडच्या सैन्याने तोफा लावून ठेवल्या होत्या. गोळे आले तसे जवान उड्या मारून झाडीत शिरले. इकडे इंजिनवाल्यांनी डबे सोडले आणि इंजिन घेऊन थेट अलेक्झांड्रियाकडे सुटले. आठ जवान मेले आणि बाकीचे रात्रभर पायी परतले. आज त्याच वळणाच्या आसपास लोक आइस्क्रीम खात फिरतात.

पुढे १९१२ च्या सुमाराला जॉन मॅक्लीन (वॉशिंग्टन पोस्टचा मालक) आणि सिनेटर स्टीफन एल्किन्स यांच्या कंपनीने ही लाइन भाडेपट्ट्याने घेऊन विजेवर आणली, तेव्हा वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन हे नाव आलं. मग मोटारी आल्या. प्रवासी गाड्या १९५१ मध्ये बंद. शेवटची कमाई म्हणजे डलस विमानतळ बांधायला वाळू आणि खडी वाहणं. ज्या विमानतळावर सायडिंगरावांचे आईबाबा उतरले, तो या मरत्या लायनीने बांधायला मदत केली. १९६८ मध्ये मालगाडीही संपली.

---

टवाळ_कार्टा | रविवार, दुपारी २:०२

इंजिन मागे लावायचं आणि संकट आलं की तेच आधी पळायचं... आमच्या मॅनेजरचं मूळ सापडलं.

---

वऱ्हाडी_ठेचा | रविवार, रात्री ११:१० (भारतात सोमवार सकाळ)

भाऊ, शकुंतलेचं नाव घेतलं म्हून लिहितो. मी यवतमाळचा.

तुमचा ट्रेल लय भारी असंल, पण हे वाचून पोटात कालवलं जी. आमची यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर अशी जवळपास १९० किलोमीटरची अडीच फुटी लाइन. इंग्रजाच्या काळात कापूस न्यायला टाकली. १९२१ सालचं मँचेस्टरचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं. आता गाडी बंद. रुळात गवत, स्टेशनात बकऱ्या. आमचे लोक इतके वर्षं मोठी लाइन मागून राहिले. वर्ध्याहून कळंबपर्यंत नवी गाडी आली, यवतमाळची वाट बघणं चालू हाये. पण दारव्हा, कारंजा, अंजनगावच्या माणसानं काय करावं?

आता उद्या कोणी उठून म्हणंल की इथं सायकल ट्रॅक करा, फोटो लय सुंदर येतात. आमाले सायकलचा रस्ता नाही पायजे. आमाले गाडी पायजे. ज्याच्या घरी दोन कार हायेत त्यानं सायकल चालवावी हौसेनं. आमचा म्हातारा दवाखान्यात जाणार काहून सायकलवर?

राग मानू नका. तुमच्या बाबाले विचारा, ते सांगतील.

---

सायडिंग_नं_३ | सोमवार, सकाळी ७:३०

ठेचाभाऊ, राग कसला. बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याला सांग, गाडी परत यायची असेल तर आधी जमीन टिकली पाहिजे. रूळ काय, महिन्यात टाकता येतात. पट्टी तुटली की संपलं." त्यांच्या काळातच फाटकाजवळ टपऱ्या, मग पत्र्याची शेड, मग पक्की घरं असं होताना त्यांनी बघितलंय. नोटिसा काढून हात दुखले म्हणतात.

---

कलम_कसाई | सोमवार, दुपारी १२:४५

बाबांनी जे एका वाक्यात सांगितलं त्यासाठी अमेरिकेला कायदा करावा लागला.

इथे १९१६ च्या आसपास अडीच लाख मैलांच्या वर रेल्वे होती. मग कंपन्या लायनी सोडत गेल्या. गोची अशी, की बऱ्याच ठिकाणी जमीन रेल्वेच्या मालकीची नव्हतीच, फक्त गाडी चालवण्यापुरता हक्क होता. गाडी कायमची बंद म्हणजे हक्क संपला, पट्टी शेजारच्या मालकांकडे परत. शंभर मालक, शंभर तुकडे. पुन्हा लाइन टाकायची तर शंभर सातबारे, असं समजा.

म्हणून १९८३ मध्ये राष्ट्रीय ट्रेल कायद्यात दुरुस्ती झाली. लाइन 'सोडली' असं न म्हणता 'राखून ठेवली' म्हणायचं. मधल्या काळात लोकांना चालू द्या, सायकल चालवू द्या, उद्या गरज पडली तर रेल्वे परत टाकता येईल. याला रेलबँकिंग म्हणतात. शेजारचे जमीनमालक अर्थातच भडकले. व्हरमाँटमधल्या प्रिसो दांपत्याचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९९० मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. मात्र मालकांना भरपाई मागता येईल, हे दार उघडं ठेवलं. ते खटले अजून चालतात.

डब्ल्यू अँड ओडी या कायद्याच्या आधीचा. तिथे नशीब वेगळ्या रूपात आलं. काही तुकडा आय-६६ महामार्गाने गिळला, आणि उरलेली पट्टी वीज कंपनीने तारांसाठी अखंड घेतली. चिंगीताई ज्या मनोऱ्यांना नावं ठेवतात त्यांनीच ती एकसंध ठेवली. १९७४ मध्ये फॉल्स चर्चला दीडेक मैलाचा पहिला तुकडा झाला, लोकांना आवडला, मग प्रादेशिक उद्यान प्राधिकरणाने बाकीची जमीन टप्प्याटप्प्याने विकत घेतली, आणि १९८८ मध्ये डांबरी वाट पर्सलव्हिलला पोचली.

ठेचा यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. ट्रेल हा गाडीला पर्याय नाही. पण अतिक्रमणाला पर्याय आहे.

---

वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, रात्री १०:४०

हे समजलं. पण एक सांगा वकीलसाहेब, त्या अमेरिकेत राखून ठेवलेल्या किती लायनीवर गाडी परत आली?

---

कलम_कसाई | सोमवार, रात्री ११:०५

आल्या आहेत, पण थोड्या. बोटांवर मोजण्यासारख्या म्हणेन. प्रश्न योग्य जागी लागला.

---

मिसूरीची_मिसळ | मंगळवार, सकाळी ६:५५

आमच्याकडचा केटी ट्रेल कुणी काढलाच नाही! मिसूरी-कॅन्सस-टेक्सस रेल्वे, एमकेटी, म्हणून लाडाने 'केटी'. सुमारे २४० मैल, अर्ध्याहून जास्त मिसूरी नदीच्या काठाकाठाने. १९८६ च्या पुरात रूळ वाहून गेले आणि कंपनीने हात टेकले. राज्याने वर सांगितलेल्या कायद्याखाली पट्टी घेतली. टेड आणि पॅट जोन्स या दांपत्याने लाखो डॉलर दिले. १९९० मध्ये रोशपोर्टला पहिला तुकडा उघडला आणि १९९३ च्या पुराने त्यातला बराच धुऊन नेला. परत बांधला.

डांबर नाही, चुनखडीची बारीक चुरी दाबून बसवलीय. कोरडी असेल तर स्वर्ग, पावसानंतर सायकल आणि पोटऱ्या भस्म फासल्यासारख्या. रोशपोर्टच्या बोगद्यातून बाहेर आलं की एका बाजूला कडा, दुसरीकडे नदी. शेतकऱ्यांनी सुरुवातीला जोरदार विरोध केला होता, चोऱ्यामाऱ्या होतील म्हणून. आता त्याच गावांत सायकलवाल्यांसाठी खोल्या भाड्याने मिळतात.

---

ब्रिस्टलकर | मंगळवार, दुपारी ४:१८

इकडे ब्रिस्टल-बाथ. फक्त १३ मैल, पण ऑफिसला जाणाऱ्यांची एवढी गर्दी की सकाळी दादर आठवतं. १९७९ ते ८६ मध्ये बहुतांशी स्वयंसेवकांनी फावडी मारून केलेला. मधे बिटनला हौशी लोकांनी रूळ पुन्हा टाकलेत, वाफेचं इंजिन चालवतात. ट्रेल शेजारून. ठेचाभाऊ, दोन्ही शेजारी नांदू शकतात एवढंच सांगतो, भले गाडी हौसेची का असेना.

---

चिंगी_फॉल्सचर्च | मंगळवार, रात्री ९:००

सायडिंगा, धागा जागतिक झाला, तुझी सायकल कुठे आहे?

---

सायडिंग_नं_३ | रविवार, संध्याकाळी ७:२५

काल झाला एकदाचा! घ्या वृत्तांत.

सव्वासहाला पर्सलव्हिल. जुनं स्टेशन १९०४ चं, रंगवून नीट ठेवलंय. बायकोने सोडलं आणि आईबाबांना घेऊन ती पुढे क्लार्क्स गॅपला गेली. मी पोचलो तेव्हा बाबा कमानीखाली उभे होते, मान वर करून. दगड एकात एक बसवलेले, वरून जुना रस्ता. त्यांनी पावलं टाकून रुंदी मोजली. "सिंगल लाइन. दुसरी टाकायची कधी आशाच नव्हती यांना." मग बाजूच्या चरात छत्री खुपसली, खालची ओली पानं बाजूला सारली आणि म्हणाले, "पाणी काढलंय बघ कसं. कटिंगमध्ये पाण्याची वाट केली नाही तर लाइन बसते. पन्नासएक वर्षं झाली गाडी जाऊन, चर अजून चालू." आईने या वेळी उजवी कड सोडली नाही, हेही नोंदवून ठेवतो.

लीसबर्गपर्यंत पायडल जेमतेम मारलं. गूस क्रीकला चिंगीच्या हुकमाप्रमाणे दोन मिनिटं. खाली कासवं ऊन खात होती. अ‍ॅशबर्नला बार्बेक्यूचा धूर आडवा आला, पण दुकान उघडायचं होतं म्हणून वाचलो. व्हिएन्नाच्या अलीकडे मागचं चाक बसलं. ट्यूब होती, टायर काढायची लिव्हर घरी. शेजारच्या खडीच्या वाटेने (ती घोड्यांसाठी, व्हिएन्ना ते पर्सलव्हिल ३२ मैल आहे) एक बाई खरोखरच घोड्यावर चालली होती. ती थांबली, मला वाटलं मदत करेल. म्हणाली, "म्हणून मी घोडा ठेवते." शेवटी एका कॉलेजच्या पोराने लिव्हर दिली.

शर्लिंग्टनला शून्याचा खांब पावणेदोनला. गुडघे आता ५३.

खरी गोष्ट रात्री. बाबांना फोटो दाखवले. शून्याच्या फोटोवर थांबले. "हे शून्य खोटं आहे."

म्हटलं, खोटं म्हणजे?

"लाइन अलेक्झांड्रियाहून निघाली असं तूच वाचून दाखवलंस ना? मग शून्य अलेक्झांड्रियाला पाहिजे. हे ट्रेलवाल्यांनी आपल्या सोयीचं मोजलंय. मधला तुकडा कुठे गेला?"

आता जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून उपग्रहाचा नकाशा बघत बसलेत. एक लांबट वळण दोन गोदामांच्या मधून जातंय म्हणतात, आणि एवढं लांब वळण गोदामवाल्यासाठी कोण काढेल. पुढच्या रविवारी शोधायला चाललोय. चिंगी, तुला जवळ पडेल. येणार असशील तर छत्री आण.

---

वऱ्हाडी_ठेचा | रविवार, रात्री ११:५०

बाबाले इचारा, मूर्तिजापूरला असताना दारव्ह्याच्या पुढची मोरी त्यायच्याकडं होती का. तिचा पण चर अजून चालू हाये.